घरचे क्लिक नकोत!

मंडळी, फराळाच्या पाककृतींचं संकेतस्थळ काढलंत, त्यावर जाहिराती लावल्यात आणि काकू-मावश्यांना निरोप धाडलात, "रोज एकदा जाहिरातीवर क्लिक करा हं!" ही प्रेमाची मदत महागात पडते. गूगलच्या ॲडसेन्सला असे क्लिक चालत नाहीत. खातं बंद होऊ शकतं, साठलेले पैसेही जातात. अमेरिकेत १०० डॉलर जमल्याशिवाय पैसे हाती येत नाहीत, म्हणजे कित्येक महिन्यांची मेहनत पाण्यात.

त्यापेक्षा चकलीची कृती दिवाळीच्या महिनाभर आधी टाका. मुलांकडून तीच इंग्रजीत लिहून घ्या. जाहिराती मोजक्याच ठेवा. आणि मावशीला सांगा, "क्लिक नको, चकली करून बघ, मऊ पडली तर कळव." कृती सुधारली की वाचक परत येतो, आणि उत्पन्न त्याच्यामागून येतं.