कोरा चहा, पिशवीतला

चहाच्या बाबतीत लोकांच्या दोनच जाती आहेत असं काही मंडळी मानतात. एक, पानं नीट भिजवून, घड्याळ लावून चहा पिणारे रसिक. आणि दुसरे, टी बॅग बुडवून दोरीने घुसळणारे पापी. आज मी पाप्यांच्या बाजूने लिहिणार आहे. त्यातून मागणीही जरा विचित्रच आहे. चीनचा ब्लॅक टी, टी बॅगमध्ये, आपल्याकडच्या दुकानात मिळायला हवा.

जो देश वर्षाला १३० कोटी किलोंच्या आसपास चहा पिकवतो, त्या देशात राहून ही बाई चीनचा चहा मागते म्हणजे काय, असं नाशिकच्या काकांना वाटणार हे मला माहीत आहे. काका, शेवटपर्यंत वाचा आणि मग फोन करा.

आधी नावाचा घोळ. आपण ज्याला ब्लॅक टी म्हणतो त्याला चिनी लोक 'होंगचा' म्हणतात, म्हणजे लाल चहा. त्यांनी कपातला रंग बघितला, इंग्रजांनी डब्यातली पानं बघितली. चिनी भाषेत काळा चहा म्हणजे 'हेचा', तो वेगळाच, मुरवलेला. (आपला 'चहा' हा शब्दही तिकडचाच. ते 'चा' म्हणतात, पोर्तुगीजही 'शा' म्हणतात. इंग्रजांचं 'टी' मात्र फुजियान प्रांताच्या बोलीतल्या 'ते' वरून डचांमार्फत आलं.) आपल्याकडे याला एक फार चांगला शब्द आहे, कोरा चहा. दूध न घातलेला. पण या शब्दाला एक वास चिकटलेला आहे आणि तो चहाचा नाही. त्याबद्दल पुढे.

चीनमध्ये पिकणाऱ्या चहात लाल चहा हा धाकट्या जावेसारखा. तिथले लोक पितात तो मुख्यतः ग्रीन टी, आणि बाहेर पाठवतात तोही मोठ्या प्रमाणात ग्रीनच. मोरोक्को हे त्यांचं मोठं गिऱ्हाईक. पण जो थोडा लाल चहा होतो तो काय चीज आहे! आन्ह्वी प्रांतातल्या छीमन तालुक्यात १८७५ च्या सुमारास लाल चहा बनायला लागला, त्याआधी तिथे ग्रीन टीच व्हायचा. इंग्रजांनी छीमनचं 'कीमन' केलं. १९१५ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या पनामा-पॅसिफिक प्रदर्शनात त्याला सुवर्णपदक मिळालं. बारीक, काळी, सुईसारखी वळलेली पानं. कपात उतरला की तांबूस, आणि चवीला कोकोच्या अंगाने जाणारा. दुसरा युन्नानचा, चिनी लोक त्याला 'द्यनहोंग' म्हणतात. हा १९३८-३९ मध्ये, जपानशी युद्ध चालू असताना, पूर्वेकडचे चहाचे प्रांत हातचे जायला लागल्यावर उभा केलेला. जात आसामसारख्याच मोठ्या पानाची, पण सोनेरी कळ्या असतात त्यात आणि मधासारखा गोडवा. तिसरा लापसांग सूचाँग, वूयी डोंगरातल्या थोंगमू गावचा, चिरपाइनच्या भाऊबंदांच्या लाकडावर धुरावलेला. पहिल्यांदा वास घेतला तेव्हा मला गावाकडच्या चुलीपाशी अंघोळीचं पाणी तापवल्यासारखं वाटलं. तो सगळ्यांना आवडेल असं मी म्हणणार नाही.

या तिघांत समान काय? बिनदुधाचे, बिनसाखरेचे पिता येतात. हा माझा सगळा मुद्दा आहे.

आपला रोजचा चहा बहुतांश सीटीसी. चिरडायचा, फाडायचा, गोळी करायची. हे यंत्र १९३० च्या सुमारास आसामात निघालं. पानाच्या चिंध्या होतात, त्यामुळे रंग आणि तुरटपणा चटकन उतरतो. थोड्या पुडीत जास्त कप. दूध, साखर, आलं घालून खळखळ उकळायला यासारखा चहा नाही, आणि मी रोज सकाळी तोच पिते. पण त्यातलं दूध आणि साखर काढून बघा. काढ्यासारखा लागतो. त्याचा दोष नाही, तो दुधासाठीच घडवलेला आहे. आणि टी बॅगमध्येही नेमका हाच चहा, किंवा चाळणीखाली उरलेली बारीक भुकटी भरतात, कारण चपट्या पिशवीत दोन ग्रॅम माल मावायचा आणि तीन मिनिटांत रंग यायचा तर भुकटीच पाहिजे. कीमनचं अख्खं पान त्या पिशवीत फुगायलाच जागा नसते. म्हणून रसिक म्हणतात चांगला चहा आणि टी बॅग यांचं लग्न लागूच नये, आणि कंपन्या म्हणतात टी बॅगवाल्याला चव कुठे कळते.

(टी बॅगचा शोध थॉमस सलिव्हन या न्यूयॉर्कच्या व्यापाऱ्याने १९०८ साली चुकून लावला ही गोष्ट तुम्ही वाचली असेल. रेशमी पिशवीतून नमुने पाठवले आणि गिऱ्हाइकांनी पिशवीच बुडवली वगैरे. त्याआधी १९०१ मध्ये मिलवॉकीच्या दोन बायकांनी, रॉबर्टा लॉसन आणि मेरी मॅकलॅरेन यांनी, कापडी पिशवीच्या पेटंटचा अर्ज केला होता आणि त्यांना ते १९०३ मध्ये मिळालंही. पण गोष्ट सलिव्हनची सांगतात. असो.)

आता माझा या सगळ्याशी संबंध काय ते सांगते. अण्णांबद्दल नातेवाईक मंडळींना माहीतच आहे. बाकीच्यांसाठी, माझे वडील, वय ७८, डोंबिवलीत एकटे राहतात. दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका येऊन गेला. बोलणं सुधारलं, चालणं काठीवर का होईना सुधारलं, उजवा हात मात्र राहिला तो राहिलाच. कामाला येणाऱ्या ताई आठला येतात. अण्णा उठतात साडेपाचला. त्या अडीच तासांत त्यांना चहा लागतो, आणि तो त्यांना स्वतः करून लागतो. रात्री थर्मास भरून ठेवू का विचारलं तर म्हणाले, "मी आजारी नाही."

तुम्ही कधी एका हाताने चहा करून बघितलाय? एकदा बघाच. आपला चहा दोन हातांचा आहे. एका हातात सांडशी, दुसऱ्या हातात गाळणं. सांडशीने पातेलं धरायचं, तिरकं करायचं, गाळणं कपावर स्थिर ठेवायचं, चोथा झटकायचा. दूध उतू जायच्या आत गॅस बंद करायचा तो तिसरा हात! एका हाताच्या माणसाला किचनच्या ओट्यावर यातलं काहीही सुरक्षितपणे करता येत नाही. पण विजेची किटली अर्धी भरून ठेवली असेल तर बटण दाबता येतं. रबरी चटईवर मग ठेवलेला असेल तर त्यात पिशवी टाकता येते, पाणी ओतता येतं आणि दोरी धरून पिशवी बशीत काढून ठेवता येते. पाच मिनिटांत, डाव्या हाताने, कुणाला हाक न मारता.

तेव्हा टी बॅगला आळशी लोकांची सोय म्हणणाऱ्या रसिकांना माझा नम्र सवाल आहे. हॉस्पिटलातल्या खाटेवर, हॉस्टेलच्या खोलीत, थरथरणाऱ्या हातांत तुमचं ते चिनी मातीचं झाकणाचं भांडं कोण धरणार?

तर पिशवी ठरली. आता आत काय? दूध अण्णांना पचेनासं झालंय, साखर डॉक्टरांनी बंद केलीय. म्हणजे कोरा चहा, तोही बिनसाखरेचा. आणि इथे तो वास येतो, मघाशी म्हटलं तो. संगमेश्वर तालुक्यातलं त्यांचं लहानपण, घरात दूध नसायचं, आजी गुळाचा कोरा चहा करायची. पाहुणा आला की शेजारून वाटीभर दूध आणायला अण्णांना पिटाळायची, कारण पाहुण्यापुढे कोरा चहा ठेवणं म्हणजे घरची परिस्थिती उघडी करणं. नोकरी लागल्यावर अण्णांनी पहिलं काय केलं असेल तर दुधाचा रतीब लावला. अशा माणसाला आयुष्याच्या या टोकाला पुन्हा कोरा चहा प्यायला सांगायचं, आणि तोही कडू. आठवडाभर दुकानातल्या साध्या 'ब्लॅक टी'च्या पिशव्या बुडवल्यावर ते एवढंच म्हणाले, "औषध म्हणून घेतो." मला ते वाक्य फार लागलं.

मग लेस्टरहून आलेल्या माझ्या मावसभावाने कीमनच्या टी बॅगांचा एक डबा आणला. अण्णांनी पहिल्या दिवशी काही म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी फोनवर विचारलं, "त्या लाल चहाला नाव काय?" बास. आमच्या घरात याला पसंती म्हणतात :)

डबा पंचवीस दिवसांत संपला आणि माझी शोधाशोध सुरू झाली. मॉलमध्ये ब्लॅक टीच्या टी बॅगांचा अख्खा कप्पा असतो. आसाम आहे, दार्जिलिंग आहे, अर्ल ग्रे आहे, मसाला, तुळस, लिंबू, काय वाट्टेल ते आहे. इंग्लिश ब्रेकफास्टही आहे. जुन्या काळी त्या मिश्रणात कीमन असायचा, आता आसाम, केनिया, सिलोन. चिनी लाल चहा नाही. कारण कळायला फार डोकं लागत नाही. चहावर आपल्याकडे १०० टक्के आयात शुल्क आहे, मागणारे मूठभर, आणि टी बॅगच्या धंद्याला स्वस्त भुकटी हवी. ऑनलाइन सुटी पानं मिळतात, महाग पडतात, पण मिळतात.

दार्जिलिंग का नाही, असं चार जणांनी विचारलं. रास्त प्रश्न आहे. दार्जिलिंगची झाडं मूळची चिनी जातीचीच, रॉबर्ट फॉर्च्यूनने १८४८ ते १८५१ च्या दरम्यान चीनमधून जी रोपं नि बिया पळवल्या त्याच वंशावळीतली. पण चहा नुसत्या झाडाचा नसतो, पानाचं पुढे काय करता त्याचा असतो. दार्जिलिंगचा वसंतातला तोडा हलका, फुलांच्या वासाचा आणि बऱ्यापैकी तुरट. अण्णांना तो 'गवताळ' लागला. निलगिरीचा अख्ख्या पानाचा चहा जवळ आला होता, पण पिशवीत पुन्हा तीच भुकटी. आपल्याच कंपन्यांनी असा मवाळ, बिनदुधाचा चहा मोठ्या पिशवीत भरून विकला तर मी चीनचं नावही काढणार नाही.

आणि काका, 'चिनी माल' म्हणून नाक मुरडण्याबद्दल. २०२० च्या गलवाननंतर तुम्ही मोबाइलसुद्धा बदललात, तुमचा राग मला समजतो. पण आसामचा चहा उभा राहिला तोच चिनी माणसांच्या हातांनी. १८३४ मध्ये कंपनी सरकारने चहासमिती नेमली आणि जी. जे. गॉर्डनला चीनमध्ये बिया आणि कारागीर आणायला पाठवलं. तिथून आलेल्या कामगारांची वंशावळ वरच्या आसामात माकुमला वसली, आसामी बायका केल्या, आसामी बोलू लागली. नोव्हेंबर १९६२ मध्ये या लोकांना घरातून उचलून राजस्थानात देवळीच्या छावणीत नेलं. देशभरातून सुमारे ३,००० चिनी वंशाचे लोक तिथे डांबले होते. अनेकांना नंतर, कधी न पाहिलेल्या चीनमध्ये पाठवून दिलं. रीता चौधरींची 'माकाम' ही आसामी कादंबरी यावरच आहे, २०१० ची. चहाच्या खोक्यावर देश बघून राग काढायचा तर हेही बघावं, एवढंच.

मावसभावाकडून मागवत राहायचं हाही काही कायमचा उपाय नाही. तिकडेही चित्र आकसतंय. ट्वायनिंग्जने २०२३ मध्ये लापसांग सूचाँग बंद करून 'डिस्टिंक्टिव्हली स्मोकी' नावाचा दुसरा चहा त्या जागी आणला, मूळ चहा मिळवणं कठीण झालंय म्हणून. युरोपियन युनियनने चहातल्या अँथ्राक्विनोनवर किलोला ०.०२ मिलिग्रॅमची मर्यादा घातलीय, आणि लाकडाच्या धुरात ते द्रव्य तयार होतंच. म्हणजे खऱ्या धुराचा चहा नियमात बसवणं अवघड. नियम वाईट आहे असं मी म्हणत नाही. आपल्याकडेही २०१७ मध्ये एफएसएसएआयने टी बॅगच्या स्टेपल पिना बंद करायला सांगितल्या, ते चांगलंच झालं. अर्धवट झोपेतल्या म्हाताऱ्या माणसाच्या कपात पिन कशाला?

माझी मागणी फार मोठी नाही. पंचवीस पिशव्यांचा एक खोका, कीमन किंवा युन्नान, शुल्क धरून दुप्पट किंमत लावा. पिशवी जरा ढगळ हवी, म्हणजे पान फुलेल, पण ती नायलॉनची नको. दोरी लांब हवी. आणि खोक्यावर नुसतं 'ब्लॅक टी' न लिहिता आतलं पान कुठल्या डोंगरातलं ते लिहा. मोबाइलच्या डब्यावर असतं, चहाच्या का नसावं?

तोवर आमचा घरगुती कारखाना चालू आहे. दोरी ओढून तोंड बंद करायच्या रिकाम्या कागदी पिशव्या मिळतात, शंभराचं पाकीट. सुटा युन्नान मागवते आणि रविवारी पुण्याहून डोंबिवलीला गेले की टेबलावर बसून प्रत्येकीत सपाट चमचाभर भरते. चौदा पिशव्या, सकाळ-संध्याकाळ धरून आठवड्याच्या. परवा अण्णांनी शेजारच्या जोशीकाकांना बोलावून स्वतःच्या हाताने दोन मग केले. जोशीकाकांनी दूध मागितलं. अण्णा म्हणाले, "याच्यात घालत नाहीत." गेल्या रविवारपासून मी सोळा भरतेय.