दोष सुनेचा नव्हता, धुराड्याचा होता



गेल्या पौषात कुंथलगिरीकडे विहार करणारा संघ आमच्या गावी दोन दिवस थांबला आणि आमच्याकडे चौका लागला. घरात गॅस आहेच, पण आहाराचा स्वयंपाक आम्ही अजून चुलीवर करतो. सासूबाईंपासूनची रीत. सूर्योदयानंतर सूनबाईनं चूल पेटवली आणि अर्ध्या तासात स्वयंपाकघर धुरानं भरलं. पडगाहनाला उभं राहिलो तेव्हा तिचे डोळे लाल झालेले आणि माझा खोकला थांबत नव्हता. आहार निरंतराय झाला, हे नशीब.

मी नेहमीचंच बोलले, "सरपण ओलं आणलंस." दोन वर्षं मी हेच बोलत होते. या वेळी मात्र बाभळीची फोड मी स्वतः शोधून, किडामुंगी बघून, उन्हात वाळवून ठेवलेली होती. मग दोष कोणाचा?

चिरंजीवांनी खिडकीत पंखा बसवून दिला. धूर दुपटीनं वाढला! तेव्हा माझं बी.कॉम. कामाला आलं. खोलीतून जेवढी हवा बाहेर जाते, तेवढी कुठून तरी आत यावीच लागते. जमा-नावे जुळलंच पाहिजे. चौक्यात माशी येऊ नये म्हणून आम्ही दार-खिडक्या गच्च लावलेल्या. पंखा हवा बाहेर फेकतोय, मग आत यायला वाट राहिली एकच, धुराड्याची. ती हवा धूर घेऊनच खाली उतरत होती.

चूल थंड असताना मी उदबत्ती धुराड्याच्या तोंडाशी धरली. धूर आत जायच्या ऐवजी माझ्याच तोंडावर आला. पंखा बंद करून मागचं दार उघडलं, तर रेघ हळूहळू आत वळली. ही परीक्षा तुम्हीही करून बघा, खर्च शून्य. आता त्या दाराला बारीक जाळी लावली आहे. हवाही येते आणि जीवही येत नाही. आमच्या जुन्या माळवदाला सानं होतं, फटी होत्या, तिथे हा प्रश्न कधी आला नाही. नव्या स्लॅबच्या घरात सगळंच घट्ट.

पण एवढ्यानं अर्धंच काम झालं. मग पाइप उघडला. चार इंची पाइपात सगळीकडून अर्धा इंच काजळी. म्हणजे वाट उरली तीन इंची. सोळास नऊ असा हिशेब करा, जवळजवळ निम्मी वाट बंद! वर्षाकाठी दोनदा साफ केला असता तर ही वेळ आली नसती. आणि चूल बरेच दिवस बंद असेल तर पेटवण्याआधी पाइपात डोकवाच. चिमणीचं घरटं किंवा कुंभारणीचं मातीचं घर असलं तर धूर अडतो, ते वेगळंच, पण आपल्या हातून हिंसा होते. लाकूड शोधतो तसं धुराडंही शोधायला हवं.

खरं कारण गच्चीवर सापडलं. दोन वर्षांपूर्वी वर खोली बांधली, पण धुराडं होतं तेवढंच ठेवलं. खोलीच्या भिंतीवर आपटलेला वारा थेट पाइपात उतरत होता. गरम धूर हलका असतो म्हणून वर चढतो. पाइप जितका उंच आणि आतला धूर जितका गरम, तितकी ओढ जास्त. तोंड छपरापेक्षा, शेजारच्या भिंतीपेक्षाही दोनेक फूट वर हवं. ओल्या लाकडाची आच पाणी उडवण्यातच जाते, धूर गार राहतो आणि काजळी धरते, हेही खरं. पण आमच्याकडे तो गुन्हा नव्हता.

त्या खोलीला महागडी फरशी बसली, खिडक्यांना संगमरवरी चौकटी आल्या. दहा फूट पाइप कुणाला सुचला नाही. मलाही नाही, हे लिहिताना लाज वाटते. निर्धूर चुलीवर वर्ध्याच्या मगनवाडीत काम झालं. हैदराबादच्या डॉ. एस. पी. राजूंनी 1953 मध्ये त्यावर पुस्तक काढलं, तेव्हा आपला जिल्हा हैदराबाद राज्यातच होता. म्हणजे ज्ञान जवळच होतं. चूल फुंकणारीच्या डोळ्यांपेक्षा दिवाणखान्याकडे आपलं लक्ष जास्त, एवढंच.

काही जणी म्हणतात, चौक्यातला धूर सोसणं हीसुद्धा सेवा. मला हे पटत नाही. उपवास आपण समजून-उमजून करतो. तुंबलेला पाइप सोसण्यात कसला त्याग? शिवाय बंद खोलीत धुमसणाऱ्या लाकडाचा कार्बन मोनॉक्साइड दिसतही नाही आणि त्याला वासही नसतो. डोकं जड झालं, मळमळलं की आधी बाहेर मोकळ्या हवेत या, स्वयंपाक नंतर.

पाइप वाढवला, सांधे नीट बसवले. सकाळी पाइप गार असतो म्हणून सूनबाई आधी मूठभर वाळलेल्या तुराट्या आत, धुराड्याच्या तोंडाशी पेटवते, तो तापला की मग चूल. दर क्षमावाणीला मी साऱ्या गावाला हात जोडते. या वेळी भाद्रपदापर्यंत थांबले नाही. चुलीपुढेच तिला म्हटलं, "दोन वर्षं तुला उगाच बोलले गं."

ती म्हणाली, "ते राहू द्या आई, आधी मागचं दार उघडा, चूल पेटवायचीय."