कृत्रिम पारपटलाची परीक्षा उसाच्या फडात

ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला की आमच्याकडे डोळ्याला पात लागलेली माणसं येऊ लागतात. पात लागली त्याच दिवशी मात्र कुणी येत नाही. आधी मेडिकलमधून थेंब आणून घातलेले असतात. त्यात स्टेरॉइड असलं की जखमेतल्या बुरशीला रान मोकळं मिळतं. माणूस दवाखान्यात पोहोचतो तोवर बुबुळावर पांढरा व्रण धरलेला असतो. तो भरला तरी फूल राहतं, आणि नाव नेत्ररोपणाच्या यादीत जातं.

मी नेत्रपेढीत समुपदेशक आहे. मयताच्या घरी जाऊन नेत्रदानाचं विचारणं हे माझं काम. मृत्यूनंतर साधारण सहा तासांच्या आत डोळे काढावे लागतात आणि पारपटल, म्हणजे बुबुळाचा पारदर्शक पडदा, द्रावणात फार तर दोन आठवडे टिकतं. म्हणून २०२२ साली स्वीडनच्या लिंकोपिंगमधल्या संशोधकांचं काम प्रसिद्ध झालं, तेव्हा मला सगळ्यात मोठी गोष्ट वाटली ती साठवणुकीची. डुकराच्या कातडीतलं कोलॅजन शुद्ध करून त्यांनी पारदर्शक चकती बनवली, आणि ती दोन वर्षांपर्यंत ठेवता येते. भारत आणि इराणमधल्या वीस रुग्णांच्या बुबुळात छोटी फट करून ती सरकवली. टाके नाहीत, रुग्णाचं स्वतःचं पारपटल काढणं नाही. त्यातले चौदा जण आधी अंध होते. दोन वर्षांनी एकही अंध नव्हता.

डुकराचं नाव ऐकून काही घरं बिचकतील. त्यांना शस्त्रक्रियेआधीच, स्पष्ट शब्दांत सांगावं.

पण ते वीसही रुग्ण केरॅटोकोनसचे होते. त्यात बुबुळ पातळ होऊन शंकूसारखं पुढे येतं, पण तिथे बुरशीने पोखरलेलं काही नसतं. फडातून आलेल्या डोळ्यात जाड व्रण असतो, आणि मुळात एकही रक्तवाहिनी नसलेल्या पारपटलात कित्येकदा वाहिन्या शिरलेल्या असतात. असल्या डोळ्यात ती चकती कशी वागेल, हे त्या वीस जणांवरून ठरवता येणार नाही. पुढच्या चाचण्या याच डोळ्यांवर व्हायला हव्यात, असं माझं ठाम मत आहे.

प्लॅस्टिकचा पर्याय जुना आहे. बोस्टन केप्रो या कृत्रिम पारपटलाला अमेरिकेत १९९२ मध्ये मान्यता मिळाली. मदुराईच्या अरविंद नेत्ररुग्णालयाने त्याच धर्तीवर स्वस्तातला ऑरोकेप्रो बनवला. दोन-तीन रोपणं फसलेल्या माणसाला तो खरोखर नजर देतो. पण प्लॅस्टिकचा तो भाग डोळ्यात बसवायला भोवती दात्याच्या पारपटलाची कडा लागते. म्हणजे आमची यादी आहे तिथेच. शिवाय जन्मभर प्रतिजैविकाचे थेंब आणि काचबिंदूची तपासणी. मुकादमाची उचल घेऊन टोळीबरोबर फिरणारी बाई हे कसं सांभाळणार?

माझी आशा हैदराबादच्या कामावर आहे. एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्था, आयआयटी हैदराबाद आणि सीसीएमबी यांनी मानवी पारपटलातल्या पेशी काढून उरलेल्या गाभ्याची शाई केली, त्यात मूलपेशी (स्टेम सेल) घातल्या आणि थ्री-डी छपाईने पारपटल बनवलं. २०२२ मध्ये ते सशाच्या डोळ्यात बसवलं. आमच्याकडे जमा झालेल्या पारपटलांतली बरीच रोपणाच्या कसोटीला उतरत नाहीत. "आईचे डोळे कुणाला बसवले?" असं मुलगा विचारतो, आणि ते बसवता आले नाहीत हे त्याला सांगताना माझा घसा दाटतो. अशा पारपटलांचा गाभा या कामी आला तर ते दान वाया जाणार नाही.

या संशोधनाला सरकारने भरघोस पैसा द्यावा, आणि तयार झालेलं पारपटल सरकारी दवाखान्यात फुकट बसवावं. मात्र नेत्रदान थांबवून चालणार नाही. स्वीडनच्या चकतीत जिवंत पेशी नाहीत. बुबुळाच्या मागच्या बाजूचा पेशींचा थर गेला, तर ती चकती तो भरून काढू शकत नाही. तिथे आजही दात्याचंच पारपटल लागतं. कृत्रिम पारपटल हाती येईतोवर निदान मेडिकलवाल्यांनी चिठ्ठीशिवाय स्टेरॉइडचे थेंब देणं बंद करावं, यंदाच्या हंगामापासून.