पुण्याची जागा हैदराबादला गेली, हैदराबादची दिल्लीला. चाहत्याने जायचे कुठे?

यंदाची इंडियन सुपर लीग १४ फेब्रुवारीला सुरू झाली. एरवी ती सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सुरू होते. या वेळी चौदा संघ आहेत, प्रत्येकाच्या वाट्याला १३ सामने, एकूण ९१. गेल्या हंगामात एकेक संघ साखळीत २४ सामने खेळला होता. हंगाम उशिरा सुरू झाला, निम्म्यावर आला, तरी झाला याचेच सगळ्यांना समाधान आहे.

संघांच्या यादीत ‘स्पोर्टिंग क्लब दिल्ली’ हे नवे नाव दिसते. आपल्यापैकी जी मंडळी फुटबॉल पाहतात, त्यांनी या नावामागचा इतिहास एकदा समजून घ्यावा. हा संघ गेल्या हंगामापर्यंत हैदराबाद एफसी होता. आणि हैदराबाद एफसी २०१९ साली लीगमध्ये आला तो एफसी पुणे सिटीच्या रिकाम्या जागेवर. म्हणजे लीगमधली एकच जागा सहा-सात वर्षांत तीन शहरे फिरली. टी. टी. नगरात राहून पुण्याच्या संघासाठी जीव टाकणारे माझ्यासारखे जे काही थोडे लोक होते, त्यांची गोष्ट या प्रवासात आहे.

पुण्याचाच संघ का, असे कोणी विचारेल. भोपाळच्या मराठी घरांतले निदान एक माणूस तरी शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी पुण्यात असते. माझा भाचा बाणेरला राहतो. त्याच्यामुळे बालेवाडीचे मैदान ओळखीचे झाले आणि संघही आपला वाटू लागला.

संघ मात्र सदैव धडपडणारा. २०१४ च्या पहिल्या हंगामात आठ संघांत सहावा, २०१५ मध्ये सातवा, २०१६ मध्ये पुन्हा सहावा. नावांची कमतरता नव्हती. फ्रान्सचा विश्वविजेता डेव्हिड ट्रेझेगे पहिल्या वर्षी आला, दुसऱ्या वर्षी रोमानियाचा एड्रियन मुटू आला. कोलोम्बा, प्लॅट, हबास, पोपोविच असे प्रशिक्षक जवळजवळ दरवर्षी बदलत गेले. २०१७-१८ या एकाच हंगामात सगळे जुळून आले. मार्सेलिन्यो आणि अल्फारो गोल करत होते आणि संघ चौथा येऊन उपांत्य फेरीत पोहोचला. बालेवाडीत बंगळुरूविरुद्ध ०-० अशी बरोबरी झाली. परतीच्या सामन्यात सुनील छेत्रीने तीन गोल केले आणि आम्ही ३-१ असे हरलो. त्या हरण्याचे दुःख झाले, पण ते खेळातले दुःख होते. पुढच्या वर्षी बघू, असे म्हणता येत होते.

पुढचे वर्ष सातव्या क्रमांकावर संपले आणि त्यानंतरचे वर्ष आलेच नाही. संघाची मुख्य मालकी असलेला वाधवान समूह आर्थिक अडचणीत सापडला आणि २०१९ च्या उन्हाळ्यानंतर एफसी पुणे सिटी बंद झाला. आदिल खान, निखिल पुजारी, साहिल पंवार, मार्सेलिन्यो हे खेळाडू हैदराबादच्या जर्सीत दिसू लागले. प्रेक्षक तेवढे बालेवाडीत राहिले.

मैदानाबाहेरचा पराभव

हैदराबादची कहाणी तर अधिक बोलकी आहे. पहिल्या हंगामात शेवटचा क्रमांक, मग २०२१-२२ मध्ये थेट विजेतेपद. गोव्यातल्या अंतिम सामन्यात त्यांनी केरळ ब्लास्टर्सला पेनल्टी शूटआउटमध्ये हरवले. दोनच वर्षांनी, २०२३-२४ मध्ये, खेळाडूंचे पगार थकले, निम्मा संघ हंगामाच्या मध्यात सोडून गेला आणि २२ सामन्यांत फक्त एक विजय हाती लागला. त्यानंतर मालक बदलले आणि २०२५ मध्ये संघ दिल्लीला गेला.

कमकुवत संघ हरतात, त्यात नवल नाही. इंग्लंडमध्ये किंवा जर्मनीत असा संघ खालच्या श्रेणीत घसरतो. त्याचे चाहते खालच्या श्रेणीचे सामने बघतात आणि वर येण्याची वाट पाहतात. आपल्याकडे सुपर लीगमधून खाली जाण्याची वाटच आजवर नव्हती. वर येण्याची वाटही २०२३ मध्ये उघडली आणि आय-लीगचा विजेता पंजाबचा संघ वर आला. त्यामुळे आपला संघ खराब खेळला म्हणून घसरत नाही, पैसे संपले की थेट नाहीसा होतो. संघाची सारी मिळकत मालकाच्या खिशावर अवलंबून असते. मैदान बहुधा सरकारचे, तिकीटविक्री तुटपुंजी, आणि प्रक्षेपणाचे पैसे पगाराला पुरत नाहीत.

मालक श्रीमंत असला तरी भरवसा नाही, हे मुंबई सिटीने दाखवून दिले. मँचेस्टर सिटीची मालकी असलेल्या समूहाने २०१९ मध्ये या संघाचा ६५ टक्के हिस्सा घेतला. २०२०-२१ मध्ये साखळीतले पहिले स्थान आणि चषक दोन्ही मिळाले, २०२२-२३ मध्ये पुन्हा पहिले स्थान, २०२३-२४ मध्ये पुन्हा चषक. एवढे यश महाराष्ट्रातल्या दुसऱ्या कोणत्याही संघाला या लीगमध्ये मिळालेले नाही. मग अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचा आणि लीग चालवणाऱ्या कंपनीचा २०१० सालचा पंधरा वर्षांचा करार संपत आला आणि जुलै २०२५ मध्ये लीगच थांबली. नव्या निविदेला ७ नोव्हेंबरपर्यंत एकही बोली आली नाही. डिसेंबर अखेरीस त्या परदेशी समूहाने आपला हिस्सा सोडला आणि संघ पुन्हा मूळ मालकांकडे आला. संघ खेळतो आहे, हे चांगलेच. पण पुढच्या वर्षाची हमी कोण देणार?

ही यादी महाराष्ट्रापुरतीच पाहिली तरी लांबते. महिंद्रा युनायटेडने २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकली आणि २०१० मध्ये तो संघ बंद झाला. पुणे एफसी २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये दुसरा आला, तोही आता नाही. भारत एफसी एकच हंगाम टिकला. डीएसके शिवाजियन्स आणि मुंबई एफसी २०१७ मध्ये संपले. यातले काही संघ चांगले खेळत होते. म्हणजे संघ टिकण्याचा आणि चांगले खेळण्याचा आपल्याकडे फारसा संबंध नाही.

भोपाळकरांना हे नवीन वाटू नये. अस्लम शेर खान, समीर दाद यांच्या या हॉकीच्या शहरात २०१२ मध्ये ‘भोपाळ बादशाह’ हा व्यावसायिक संघ वर्ल्ड सिरीज हॉकीत उतरला होता. ऐशबागला गर्दी झाली, पोरांनी नावे पाठ केली. त्या स्पर्धेचा दुसरा हंगाम झालाच नाही. ऐशबागची हॉकी मात्र त्याच्या आधीही होती आणि नंतरही राहिली, कारण ती कोणा कंपनीने आणलेली नव्हती.

कोल्हापूरकडे पाहा

टिकणारा फुटबॉल कसा असतो हे पाहायला युरोपात जायची गरज नाही. कोल्हापुरात जावे. तिथे संघ पेठांचे आणि तालमींचे आहेत. पाटाकडील तालीम मंडळ, शिवाजी तरुण मंडळ, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम. शाहू स्टेडियमवर त्यांच्या सामन्यांना हजारो माणसे येतात. पाटाकडील हरली म्हणून तो संघ उचलून कोणी सांगलीला नेणार नाही, कारण तो पेठेतल्या घराघरांचा आहे. मोठ्या पगाराचा व्यावसायिक संघ कोल्हापूरला उभा करता आलेला नाही, हे खरे. सामन्यांत हुल्लडबाजी होते, पोलीस बोलवावे लागतात, हेही खरे. तरी २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच मातीतला आहे.

कोलकात्याचे क्लब याच तत्त्वावर मोठे झाले. २०१८ पासून ईस्ट बंगालने तीन गुंतवणूकदार पाहिले. सुपर लीगमध्ये पहिली काही वर्षे तो तळाशीच रेंगाळला, पण रंग आणि ‘ईस्ट बंगाल’ हे मूळ नाव टिकून राहिले. मोहन बागानच्या नावापुढे २०२० मध्ये दुसऱ्या संघाचे नाव जोडले गेले, तेव्हा चाहत्यांनी सतत निषेध केला आणि २०२३ मध्ये ते नाव काढावे लागले. सभासद असले की भांडण होते, निवडणुकांचे राजकारण होते, कामे रखडतात. पण संघ परस्पर दुसऱ्या गावी जात नाही.

आपण स्वतः एका मंडळाचे सभासद आहोत, म्हणून हा फरक आपल्याला लवकर कळावा. गणेशोत्सवाची वर्गणी कमी पडली तर आपण पावती पुस्तक घेऊन पुन्हा घरोघरी फिरतो, वार्षिक सभेत एकमेकांवर चिडतो, जेवणावळीत एक पदार्थ कमी करतो. उत्सव इंदूरला हलवावा, असे कोणी सुचवत नाही. पुणे सिटीच्या चाहत्यांना असे काही करण्याची सोयच नव्हती. आम्ही तिकिटे घेतली, जर्सी घेतल्या, टीव्हीसमोर बसलो. आम्ही ग्राहक होतो, आणि दुकान बंद करताना ग्राहकांना कोणी विचारत नाही.

लंडनमधल्या विम्बल्डनच्या चाहत्यांवर हीच वेळ आली होती. त्यांचा क्लब मिल्टन कीन्सला हलवायला २००२ मध्ये परवानगी मिळाली, तेव्हा त्यांनी वर्गणी काढून नवा क्लब सुरू केला. खुल्या मैदानात निवड चाचणी घेतली, अगदी खालच्या श्रेणीपासून सुरुवात केली आणि २०११ मध्ये तो क्लब राष्ट्रीय व्यावसायिक लीगमध्ये पोहोचला. नऊ वर्षे लागली. त्यांना हे जमले, कारण तिथे खालपासून वरपर्यंत शिडी होती. आपल्याकडे त्या शिडीच्या बऱ्याच पायऱ्या अजून गायब आहेत.

आपण काय करावे

सुपर लीग जरूर बघावी. मुंबई सिटीला पाठिंबा द्यावा, मीही देतो. पण घरातल्या मुलाने नवी जर्सी मागितली, तर त्याला पुण्याच्या संघाचे काय झाले हेही सांगावे. आणि एक सवय आपण लावून घेऊ शकतो. तात्या टोपे स्टेडियम आपल्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. येवल्याच्या त्या वीराचे नाव आपल्या वसाहतीला आहे याचा आपण अभिमान सांगतो, पण त्याच्या नावाच्या मैदानावर कोण खेळते हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? मदन महाराज एफसी हा भोपाळचा संघ २०२१ मध्ये आय-लीगच्या पात्रता फेरीपर्यंत गेला, याची आपल्या घरांत चर्चाही झाली नाही. त्याच वेळी आपण हैदराबादच्या विजयात पुण्याचे खेळाडू शोधत होतो.

आपल्या मंडळाच्या क्रीडा समितीने वर्षातून चार वेळा मुलांना घेऊन स्थानिक सामन्याला जावे, एवढीच माझी सूचना आहे. वीस-पंचवीस माणसे कडेला बसून टाळ्या वाजवू लागली की खेळणाऱ्या पोराला ते समजते, आणि संघ चालवणाऱ्यालाही. एखाद्या संघाला बूट किंवा प्रवासखर्च हवा असेल तर वर्गणी काढणे आपल्याला चांगले जमते. तो संघ हरेल, कदाचित बरेचदा हरेल. पण तो हरून परत येईल तो भोपाळलाच, आणि पुढच्या सामन्याला कोण आले, कोण नाही, हे त्याला माहीत असेल.