मोजमाप नव्हे, मूल्यमापन हवे

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५ च्या फेब्रुवारीत ‘केअर’ या नावाने ओळखली जाणारी मान्यताप्राप्त शोधनियतकालिकांची सूची बंद केली. कोणते नियतकालिक दर्जेदार आणि कोणते नाही, हे ठरविण्याचे दायित्व आता विद्यापीठांवर आणि महाविद्यालयांवर आले आहे. सामान्य वाचकाला ही बाब निव्वळ तांत्रिक वाटण्याची शक्यता आहे. वस्तुत: ती तशी नाही. ज्या घरांतील मुले-मुली उच्च शिक्षण घेत आहेत, त्या प्रत्येक घराचा तिच्याशी संबंध आहे. प्राध्यापकाची पुनर्नियुक्ती आणि पदोन्नती कोणत्या निकषांवर होते, त्यावरून तो आपला वेळ कशात वेचणार हे ठरते, आणि त्यावरूनच विद्यापीठाचा कस ठरतो.

‘केअर’ सूची का करावी लागली, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. आयोगाने २०१० च्या विनियमांनी प्राध्यापकांच्या मूल्यमापनासाठी ‘एपीआय’ ही गुणांकन पद्धती आणली. तज्ज्ञांकडून तपासून घेणाऱ्या नियतकालिकात शोधनिबंध आला की १५ गुण, परिषदेच्या संग्रहात पूर्ण निबंध आला की १० गुण, असा तो हिशेब होता. हेतू वाईट नव्हता. त्यापूर्वी निवड समित्यांत वशिला, गटबाजी, जातीपातीची गणिते आणि संस्थाचालकांची मर्जी यांचे प्राबल्य होते, ही तक्रार निराधार नव्हती. आकड्यांना काका-मामा नसतात, ही त्यामागची श्रद्धा होती. परंतु गुण निबंधाच्या आशयाला नव्हे, तर तो छापला गेल्याच्या पुराव्याला मिळू लागले आणि छापून देणाऱ्यांचा बाजार उभा राहिला. पैसे भरा, आठवड्यात निबंध छापून घ्या, अशी नियतकालिके निघाली. पदोन्नतीचे वर्ष जवळ आले की परिषदांनाही ऊत येऊ लागला.

या बाजाराला आवर घालण्यासाठी आयोगाने २०१७ मध्ये मान्य नियतकालिकांची सूची केली. तिच्यात विद्यापीठांनी शिफारस करून घातलेली असंख्य नियतकालिके होती. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संबंधित अभ्यासकांनी या भागाची तपासणी करून २०१८ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. विद्यापीठांच्या शिफारशीने आलेल्या आणि अन्य कोणत्याही प्रतिष्ठित सूचीत नसलेल्या नियतकालिकांपैकी ८८ टक्क्यांहून अधिक निकृष्ट असू शकतात, असे त्यांना आढळले. त्याच वर्षी मे महिन्यात आयोगाने ४,३०५ नियतकालिके सूचीतून वगळली, जुलैच्या नव्या विनियमांनी ‘एपीआय’ पद्धती रद्द केली आणि २०१९ मध्ये ‘केअर’ सूची आली. सूची बदलली, मोजणी मात्र राहिली. सहयोगी प्राध्यापक होण्यासाठी किमान सात आणि प्राध्यापक होण्यासाठी किमान दहा निबंध, असा दंडक नव्या विनियमांत घालण्यात आला.

हा दोष केवळ भारताचा नाही. नियतकालिकाचा ‘इम्पॅक्ट फॅक्टर’ हा आकडा मुळात ग्रंथपालांना नियतकालिकांची निवड करता यावी, यासाठी पुढे आला होता. तोच पुढे माणसे निवडण्याचा काटा बनला. त्याविरुद्ध वैज्ञानिकांनीच २०१२ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे एक जाहीरनामा सिद्ध केला. निबंध कोठे छापला हे पाहू नका, त्यात काय म्हटले आहे ते पाहा, हे त्याचे सार. पीटर हिग्ज यांना २०१३ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले ते १९६४ मधील कार्यासाठी. त्यानंतरच्या अर्धशतकात त्यांचे दहाहून कमी निबंध प्रसिद्ध झाले. आजच्या व्यवस्थेत आपल्याला विद्यापीठात नोकरीच मिळाली नसती, असे त्यांनीच सांगितले होते.

पण एवढ्या दूर जाण्याचे कारण नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम १९१९ मध्ये सुरू झाले. विष्णु सीताराम सुकथनकर यांनी १९२५ मध्ये प्रमुख संपादकत्व स्वीकारले आणि आदिपर्व पूर्ण व्हायला १९३३ साल उजाडले. १९४३ मध्ये त्यांचे निधन झाले. पुढील विद्वानांनी ते काम १९६६ मध्ये तडीस नेले. डेक्कन कॉलेजमध्ये डॉ. सुमित्र मंगेश कत्रे यांच्या नेतृत्वाखाली १९४८ मध्ये आरंभलेल्या संस्कृत महाकोशाचा पहिला भाग छापून हाती आला तो १९७६ मध्ये. ही कामे दरवर्षीच्या गुणतक्त्यात बसविली असती, तर त्यांतील कित्येक वर्षांपुढे शून्य लिहावे लागले असते. आणि आदिपर्वाच्या एकेका अध्यायाचा एकेक ‘निबंध’ करून कोणी छापला असता, तर तो गुणांत सर्वांच्या पुढे गेला असता. ज्या मोजपट्टीला हा फरक कळत नाही, ती विद्वत्तेची मोजपट्टी होऊ शकत नाही.

याचा अर्थ प्राध्यापकांना कोणतीही परीक्षा नको, असा मुळीच नाही. समाजाच्या पैशावर वेतन घेणाऱ्याने समाजाला हिशेब दिलाच पाहिजे. एकदा कायम झाल्यावर पुस्तकाकडे पाठ फिरविणारे आणि पिवळ्या पडलेल्या टिपणांवर निवृत्तीपर्यंत शिकविणारे महाभाग थोडे नाहीत. त्यांना ‘दीर्घ संशोधना’ची ढाल मिळता कामा नये. प्रश्न परीक्षा घ्यावी की नाही हा नसून, परीक्षकाने उत्तरपत्रिका वाचावी की तिचे वजन करावे, हा आहे.

वाचायचे तर त्याची पद्धत घालून द्यावी लागेल. उमेदवाराने निबंधांची चळत न देता आपली निवडक चार-पाच कामे सादर करावीत आणि त्यांतून ज्ञानात कोणती भर पडली, हे स्वत:च्या शब्दांत मांडावे. त्या विषयातील किमान दोन बाहेरच्या विद्वानांनी ती प्रत्यक्ष वाचून सकारण आणि स्वाक्षरीसह अभिप्राय द्यावा. तो उमेदवाराला पाहावयास मिळावा. उमेदवाराशी गुरुशिष्याचे, सहलेखकाचे वा नात्याचे संबंध असणाऱ्याने समितीतून दूर व्हावे. दीर्घ प्रकल्पांचे मूल्यमापन टप्प्याटप्प्याने व्हावे. तपासलेली हस्तलिखिते, नोंदलेली क्षेत्रीय माहिती, घडविलेले विद्यार्थी यांनाही स्थान असावे. मराठीत लिहिलेला सकस शोधग्रंथ केवळ भाषेमुळे कनिष्ठ ठरू नये. आयोगाने २०२५ च्या जानेवारीत प्रसिद्ध केलेल्या मसुद्यात नऊ प्रकारच्या उल्लेखनीय योगदानांत भारतीय भाषांतील अध्यापन आणि भारतीय ज्ञानपरंपरा यांचा समावेश केला, ही दिशा स्वागतार्ह होती. मात्र या नऊ रकान्यांतही केवळ खुणाच केल्या गेल्या, तर जुन्या रोगाला नवे नाव मिळेल, एवढेच.

त्याच मसुद्यातील दुसरी बाब चिंतेची होती. कंत्राटी अध्यापक एकूण पदांच्या १० टक्क्यांहून अधिक असू नयेत, ही २०१८ मधील मर्यादा त्यातून वगळण्यात आली होती. महाराष्ट्रात तासिका तत्त्वावर काम करणाऱ्या प्राध्यापकांची अवस्था सर्वश्रुत आहे. त्यांत नेट-सेट उत्तीर्ण आणि पीएच.डी. प्राप्त तरुण-तरुणी आहेत. पुढच्या सत्रात पुन्हा बोलावणे येईल की नाही, हे ज्याला ठाऊक नाही, त्याने दहा वर्षांचे संशोधन हाती घ्यावे, ही अपेक्षाच क्रूर आहे. तो जे लवकर छापून येईल तेच लिहिणार. पुनर्नियुक्ती ही कृपा न राहता ठरलेल्या मुदतीत, ठरलेल्या निकषांवर आणि लेखी कारणांसह झाली पाहिजे.

वाचून निर्णय करण्यात एक धोका आहे आणि तो नाकारण्यात अर्थ नाही. आकडा गेला की मर्जी परत येऊ शकते. तिला रोखण्याचे काम विनियम एकटे करू शकणार नाहीत. ते माणसांनाच करावे लागेल. शिक्षणसंस्थांच्या नियामक मंडळांवर, विद्यापीठांच्या अधिसभांत आणि व्यवस्थापन परिषदांत सामाजिक कार्यातून आलेले अनेक कार्यकर्ते बसतात. त्यांची कसोटी येथेच आहे. समोरचा उमेदवार आपल्या विचारांचा आहे काय, हा प्रश्न मनात येणे मनुष्यस्वभाव आहे; तो बाजूला सारून त्याचे काम अस्सल आहे काय, एवढेच विचारणे हा संस्कार आहे. परक्या गोटातील विद्वानाला न्याय देणारी समितीच उद्या आपल्या माणसासाठीही न्याय मागू शकते. विद्येच्या दरबारात आपला आणि परका असा भेद शिरला की हानी एका उमेदवाराची होत नाही, एका पिढीची होते.

सूची गेली आहे. तिच्या जागी प्रत्येक विद्यापीठाने आपली आणखी एक सूची करून हात झटकले, तर पुन्हा नव्या पळवाटा निघतील. त्याऐवजी जाणत्यांनी वाचण्याची, निर्णय करण्याची आणि त्या निर्णयाखाली आपले नाव लिहिण्याची तयारी दाखविली, तर आयोगाने टाकलेले हे दायित्व विद्यापीठांना इष्टापत्तीच ठरेल.