गुदगुल्या कुणाला, ओरखडे कुणाला?

दादा कोंडके १४ मार्च १९९८ ला गेले. त्याला पाव शतकाहून अधिक काळ लोटला. पण पन्नाशी-साठीचे चार पुरुष जमले आणि कुणी 'सोंगाड्या'चं नाव काढलं, की अजूनही बैठक रंगते. ती अर्धी चड्डी, तिची लोंबणारी नाडी, 'आये'ला मारलेली हाक, थिएटरबाहेरचे हाऊसफुल्लचे बोर्ड, पाठ असलेली गाणी. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसणं होतं. आणि शेवटी एक वाक्य ठरलेलं: "काय निखळ विनोद होता!"

मैत्रिणींनो, माझं भांडण आहे ते या 'निखळ' शब्दाशी.

दादांचं श्रेय नाकारायचं कारण नाही. मुंबईच्या नायगावात, गिरणगावाच्या वस्तीत वाढलेला हा माणूस. मूळ गाव आपल्याच जिल्ह्यातलं, भोरजवळचं इंगवली. सेवादलाच्या कलापथकातून तो पुढे आला. वसंत सबनीसांच्या 'विच्छा माझी पुरी करा'मध्ये त्याने सत्तेची, कोतवालाची, पुढाऱ्यांची टोपी उडवली. १९७१ च्या 'सोंगाड्या'पासून त्याच्या एकामागून एक नऊ चित्रपटांनी रौप्यमहोत्सव केले आणि गिनेस बुकात नोंद झाली. अनेक गाणी त्याने स्वतः लिहिली. गिरणी कामगाराला, खेड्यातून आलेल्या हमालाला आपली बोली प्रथमच पडद्यावर मोठ्या आवाजात ऐकू आली. हा आनंद खोटा नव्हता.

दादांवर त्या काळीही टीका झाली. पण ती मुख्यतः सोवळ्यातली होती. 'चावट', 'ग्राम्य', 'सभ्य घरातल्यांनी बघू नये' असे शेरे मारून सदाशिव पेठेने नाक मुरडलं. ती टीका आपली नव्हे, हे स्पष्ट सांगायला हवं. त्या नाक मुरडण्यात जात आहे. स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने तमाशावर बंदी घातली, ती याच सभ्यतेच्या नावाने. त्याचा फटका बसला फडावर पोट असणाऱ्या महार, मांग, कोल्हाटी समाजातल्या कलावंतांना, आणि त्यातही बायकांना. शब्द उघडावाघडा असणं हा आपला आक्षेपच नाही. जात्यावरच्या आणि लग्नातल्या बायकांनी त्याहून उघडं बोलून ठेवलंय. आपला प्रश्न एवढाच: हसतंय कोण, आणि कुणाला?

द्वयर्थी विनोदाची रचना नीट पाहा. 'बोट लाविन तिथं गुदगुल्या' हे १९७८ च्या चित्रपटाचं नाव. 'अंधेरी रात में दिया तेरे हाथ में' हे १९८६ च्या हिंदी चित्रपटाचं. शब्दाला दोन दारं ठेवलेली असतात. बोलणारा एका दारातून आत येतो आणि जाब विचारला की दुसऱ्या दारातून सटकतो. "मी तर साधंच बोललो, घाण तुमच्या मनात!" सेन्सॉरशी खेळताना ही युक्ती मजेदार वाटते, कारण समोर सत्ता असते. पण हीच युक्ती बसस्टॉपवर उभ्या असलेल्या मुलीवर वापरली, की काय होतं? ती चिडली तर तिला अर्थ कळला, म्हणजे ती 'तसली'. गप्प राहिली तर तिला आवडलं. ऐकणारीला एकही दार उरत नाही.

वस्तीतल्या किशोरींच्या गटांत छेडछाडीचा विषय निघाला, की बहुतेकींच्या बोलण्यात एक गोष्ट येते: कुणी अंगाला हात लावला नव्हता, शिवी दिली नव्हती, नुसतं गाणं म्हटलं होतं. तक्रार काय करायची? "तो गाणं म्हणत होता" हे पोलिसचौकीत सांगताना तिलाच ओशाळल्यासारखं होतं. त्या पोराने दादांचा एकही चित्रपट पाहिलेला नसेल. पण सटकायचं दुसरं दार त्याला वारशात मिळालंय. १९९७ च्या विशाखा निकालाने आणि कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने नेमकं हेच दार बंद करायचा प्रयत्न केला. बोलणाऱ्याचा हेतू काय होता, एवढ्यावर तिथे भागत नाही. ते वर्तन तिला नकोसं होतं का, हे पाहिलं जातं. हे वळण स्त्री-चळवळीने लढून मिळवलंय. रंगलेल्या बैठकीत मात्र ते अजून पोचलेलं नाही.

"पण दादांच्या सिनेमातली बाई कुठे बिचारी होती?" असं चाहते विचारतात. खरंच नव्हती. उषा चव्हाणांची नायिका ठसकेबाज होती. उषा मंगेशकरांच्या आवाजाशिवाय ती गाणी उभीच राहिली नसती. पण त्या साच्यात भोळा कोण? पुरुष. आणि मागे लागणारी कोण? बाई. त्याला काही कळतच नाही, सगळं तिलाच हवंय! दुसरा अर्थ त्याच्या तोंडून येतो आणि इच्छा तिच्या नावावर चढते. तिचा ठसका हा तिचा स्वतःचा आवाज नसतो, तो त्याच्या निरागसतेचा जामीन असतो. 'तिलाच हवं होतं' हे वाक्य बलात्काराच्या खटल्यात ऐकतो तेव्हा आपण संतापतो. हसत हसत ते पाठ कुठे झालं, हे विचारायला नको?

लोकपरंपरेचा दाखला दिला जातो, तोही तपासू या. तमाशाच्या गौळणीत मथुरेच्या बाजाराला निघालेल्या, म्हणजे कामावर निघालेल्या बायकांना वाटेत अडवलं जातं. पण त्या गौळणी उलट उत्तर देतात, पेंद्याची फजिती करतात. सवाल असतो तसा जवाबही असतो. नारायणगावच्या विठाबाई भाऊ मांग यांनी अशा जवाबांवर फड गाजवला. दोनदा राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान झाला, तरी २००२ मध्ये त्या गेल्या त्या हलाखीतच. आज त्यांच्या नावाने सरकार पुरस्कार देतं. सोंगाड्याच्या आठवणींनी बैठका रंगतात. फडावरच्या बाईची मात्र दौलतजादा आठवते, तिची हजरजबाबी आठवत नाही.

बाईला विनोद कळत नाही, हा तर जुनाच आरोप. भोंडल्याची गाणी आठवा. माहेरी जायची परवानगी मागणाऱ्या सुनेला सासू सासऱ्याकडे टोलवते, सासरा दिराकडे, आणि सगळं घर उघडं पडतं. हेमा राईरकर आणि गी पॉतवें यांनी पुण्यात राहून, गावागावांतून एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या जमवल्या. त्यांत दुःख आहे, तसे सासू, भावजय आणि नवऱ्यालाही काढलेले चिमटे आहेत. १९८३ मध्ये स्त्री मुक्ती संघटनेने ज्योती म्हापसेकरांचं 'मुलगी झाली हो' गावोगाव नेलं, ते हसवत, गात गातच. या हसण्याची दिशा दुबळ्याकडून बलवानाकडे आहे. म्हणूनच त्याला सटकायचं दार लागत नाही.

दादांच्या चित्रपटांवर बंदी घाला, असं मी म्हणणार नाही. बंदीचा बडगा शेवटी बायकांवरच फिरतो, हे तमाशाने शिकवलंय. पण आठवणी काढणाऱ्यांना आपण बिनधास्त अडवू या. गणपतीच्या मंडपात, ऑफिसच्या निरोपसमारंभात, संमेलनात ही गाणी लागतील तेव्हा विचारू या: तेव्हा तुम्ही पिटात शिट्या मारत होतात. खेळ सुटल्यावर त्या गर्दीतून घरी जाणारी तुमची बहीण काय ऐकत गेली, हे तिला कधी विचारलंत? आपल्या गटांतही आई-मावश्यांना बोलतं करू या. त्याही त्या गाण्यांवर हसल्या असतील, आणि नेमक्या कुठे थांबल्या हे त्या नेमकं सांगतील.

त्या जागेची नोंद झाल्याशिवाय कुठलीही आठवण निखळ नाही.