मित्र घरी आला, मेसेज मात्र अजून फिरतोय

गेल्या वर्षी आमच्या इंजिनिअरिंगच्या बॅचमधल्या एका मित्राचा बाइक अपघात झाला. रात्री साडेअकराला ग्रुपवर मेसेज पडला: 'बी निगेटिव्ह रक्त अर्जंट हवंय, प्लीज फॉरवर्ड करा.' खाली त्याच्या भावाचा नंबर. सकाळपर्यंत रक्त मिळालं. एरवी ग्रुपवर फक्त 'हॅपी बर्थडे' टाकणारी मुलं हॉस्पिटलच्या गेटवर उभी होती. दोन महिन्यांनी मित्र घरी आला. भावाचा फोन मात्र वाजतच राहिला: 'दादा, रक्त अजून हवंय का?'

असं का होतं?

व्हॉट्सॲपवरचा फॉरवर्ड म्हणजे झेरॉक्स. मूळ मेसेज तुम्ही १५ मिनिटांच्या आत एडिट करू शकता, साधारण दोन दिवसांपर्यंत सगळ्यांसाठी डिलीटही करू शकता. पण पुढे गेलेल्या कॉपीज तशाच राहतात. २०१८ पासून भारतात एका वेळी पाचच चॅट्सना फॉरवर्ड करता येतं. २०२० पासून खूप फिरलेला मेसेज एका वेळी एकाच चॅटला जातो. या मर्यादांमुळे वेग कमी होतो, पण 'काम झालं' हे त्या कॉपीला कळत नाही.

एप्रिल २०२१ मध्ये, दुसऱ्या लाटेत, हे सगळ्या देशाने अनुभवलं. ट्विटरवर ऑक्सिजन आणि बेडचे नंबर फिरत होते, पण तासाभरात शिळे होत होते. मग स्वयंसेवक स्वतः फोन लावून खात्री करायला लागले आणि पोस्टवर 'व्हेरिफाइड'च्या शेजारी वेळही टाकायला लागले. साधी गोष्ट, पण त्यामुळे पुढच्या माणसाचे दहा फोन वाचले.

पैशांचं काय?

मिलाप, केटो, इम्पॅक्टगुरू यांसारख्या साइट्सचा फायदा इथेच आहे. तिथे झेरॉक्स नाही, लिंक फिरते. पान एकच असतं, किती जमले ते सगळ्यांना दिसतं आणि गरज संपली की ते बंद करता येतं. २०२१ मध्ये मुंबईतल्या एका बाळाच्या सुमारे १६ कोटींच्या इंजेक्शनसाठी असाच निधी उभा राहिला. केंद्राने त्यावरचा आयात करही माफ केला.

उलट, क्यूआर कोडचा स्क्रीनशॉट बदलायला भामट्याला दोन मिनिटं लागतात. फोटो तुमच्या मित्राचा, खातं भलत्याचंच! म्हणून पैसे पाठवण्याआधी यूपीआयवर दिसणारं नाव वाचा. शक्य असेल तर थेट हॉस्पिटलच्या खात्यात भरा. हॉस्पिटलसाठी यूपीआयची मर्यादा ५ लाखांपर्यंत वाढवली आहे. फसलात, तर लगेच १९३० वर फोन करा.

आणि वर्गणीच्या आधी

एकाने हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागात जाऊन विचारा. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. धर्मादाय हॉस्पिटल्सना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. रक्ताचा साठा ई-रक्तकोष या सरकारी साइटवर बघता येतो. तीनशे जणांनी फॉरवर्ड करण्यापेक्षा एकाने ही चौकशी केली, तर कधी कधी जास्त काम होतं.

पुढच्या वेळी मेसेज लिहाल तेव्हा

- तारीख आणि वेळ टाका. 'आज', 'आत्ता' लिहू नका.
- घरच्यांचा नंबर देऊ नका. ते आयसीयूबाहेर बसलेत. फोन घ्यायला एक मित्र नेमा.
- रिपोर्ट किंवा आधार कार्डाचा फोटो ग्रुपवर टाकू नका. मित्र बरा होईल, फोटो फिरत राहील.
- एक गूगल डॉक उघडा आणि मेसेजमध्ये त्याची लिंक द्या. काम झालं, की पहिल्याच ओळीत लिहा: 'गरज संपली, आभार.'

आमच्या ग्रुपवर माया कमी पडली नाही. कमी पडली ती ही एक ओळ. तो जुना मेसेज मागच्या आठवड्यात मलाच परत आला, दुसऱ्याच ग्रुपवरून. मी खाली लिहिलं, 'हा माझा मित्र आहे. बरा आहे. फॉरवर्ड करू नका.' त्या ग्रुपमध्ये तरी तो तिथेच थांबला.